चिमट्याने वाढलेले ताट

मित्रांनो, कुंड्यांच्या शेडमध्ये शिरलात की डाव्या हाताच्या खांबाला एक खिळा आहे. त्या खिळ्याला एक लांब, काळपट, गंजायला लागलेली वस्तू लटकलेली दिसेल. गिऱ्हाइके सहसा तिच्याकडे बघत नाहीत. बघितलेच तर “हे कोळशाचं आहे का हो?” असे विचारतात. कोळशाशी माझा काडीचाही संबंध नाही. मी एक जुना चिमटा आहे आणि मला तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. ती आठवली की माझे दोन्ही ओठ आपोआप घट्ट मिटतात. पण सांगितली नाही तर ती माझ्याबरोबर भंगारात जाईल.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. एका बेकरीवाल्याने मला खास सांगून करवून घेतले होते. हात लांब हवेत, म्हणजे धग लागणार नाही. ओठ चपटे हवेत, म्हणजे पावाचे तापलेले पत्रे निसटणार नाहीत. लोहाराने मला पुन्हा पुन्हा तापवले, पुन्हा पुन्हा ठोकले आणि मध्ये एक जाडजूड खिळा मारून माझे दोन्ही हात एकत्र बांधले. “हा तुमच्या नातवापर्यंत टिकेल,” असे तो म्हणाला. तो खोटे बोलला नाही. बेकरीतली भट्टीच टिकली नाही. पुढे विजेची भट्टी आली, तिच्यात पत्रे आपोआप आत-बाहेर होऊ लागले आणि मी एके दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीत, एका फुटक्या कढईच्या कुशीत जाऊन पडलो.

तिथून मला काकांनी उचलले. काका म्हणजे या रोपवाटिकेचे मालक. त्यांना निवडुंगांचे भारी वेड होते, आणि निवडुंगाची कुंडी बदलायची म्हणजे हाताची चाळण व्हायची. त्यांनी माझ्या दांड्यांना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, ओठांना जुन्या सतरंजीचा तुकडा शिवला आणि मला कामाला लावले. काट्यांनी भरलेला गोल निवडुंग मी असा उचलायचो, की त्याचा एक काटा मोडत नसे.

“हा माझा तिसरा हात आहे,” काका गिऱ्हाइकांना सांगायचे.

“आधीचे दोन तरी धड चालवा,” काकू आतून ओरडायच्या.

माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. मग काका आजारी पडले आणि गेले. निवडुंग हळूहळू विकले गेले, नवे कुणी आणले नाहीत. काकूंनी मात्र वाटिका बंद केली नाही. त्यांच्या सोबतीला दोघे होते. एक भाऊजी, म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. ते टेम्पो चालवायचे, लांबून रोपे आणायचे आणि रोपांबरोबर फुकटचा सल्लाही आणायचे. दुसरा साहेब. साहेब म्हणजे म्हातारा कुत्रा. दिवसभर काकांच्या खुर्चीत पसरून असायचा आणि गिऱ्हाईक आले तर एक डोळा उघडून परवानगी द्यायचा, म्हणून त्याचे नाव साहेब.

एका दुपारी भाऊजी टेम्पोभर रोपे घेऊन आले. काकू एकेक कुंडी उतरवून घेत होत्या. एका कुंडीखालून मुठीएवढा मोठा, खडबडीत कातडीचा बेडूक निघाला. त्याच्या दोन्ही खांद्यांवर फुगलेल्या गाठी होत्या. तो घाबरला नाही की पळाला नाही. न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा निवांत बसून राहिला.

“अगं बाई! हा कुठून आला?” काकू म्हणाल्या.

“टाकू का वहिनी रस्त्यावर?”

“रस्त्यावर चिरडेल की बिचारा. राहू दे. किडे खाईल, आपलं तेवढंच औषध वाचेल.”

काकूंनी मला खिळ्यावरून काढले. कितीतरी दिवसांनी मला काम मिळाले होते, मी खूश होतो. मी त्या बेडकाला अलगद धरले आणि नळाखालच्या चरात नेऊन सोडले. त्याने पाण्याला तोंड लावले नाही. पोट ओल्या जमिनीला टेकवून, पसरून बसला आणि डोळे मिटले.

“बघा भाऊजी, कसा थंडावलाय,” काकू कौतुकाने म्हणाल्या.

मित्रांनो, हे नीट लक्षात ठेवा. पोट टेकवून बसला. मी ते पाहिले होते, काकूंनीही पाहिले होते.

तो बेडूक एकटा नव्हता. त्या टेम्पोत आणखी किती होते कोण जाणे, आणि त्या वर्षी असे टेम्पो सगळीकडेच फिरत होते. कुणीतरी शहाण्या माणसाने शेतातले भुंगेरे खायला म्हणून त्यांना समुद्रापलीकडून आणले होते म्हणे. भुंगेरे उंच पानांवर बसायचे, हे जमिनीवर बसायचे. भुंगेरेही राहिले आणि हेही राहिले. पाहुणा तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर त्याची अक्कल काढतात. यांनी तर इथे संसार थाटला. चरात त्यांच्या अंड्यांच्या काळ्या माळा दिसू लागल्या. कुंड्या सरकवाव्यात तर प्रत्येकीखाली एक बसलेला.

मग एका सकाळी साहेब खुर्चीत नव्हता. तो नळाजवळ आडवा पडला होता, तोंडातून फेस येत होता आणि पाय ताठ झाले होते. जनावरांच्या डॉक्टर स्कूटरवरून धावत आल्या. त्यांनी खूप खटपट केली. शेवटी हात पुसत त्या म्हणाल्या, “काकू, याने तो बेडूक तोंडात धरला असणार. त्याच्या खांद्यावरच्या गाठींत दुधासारखं विष असतं. इथल्या जनावरांना ते माहीतच नाही. त्यांच्या आज्या-पणज्यांनीही असं काही चाखलेलं नाही.”

काकू साहेबाचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. “मीच म्हटलं होतं, राहू दे म्हणून,” एवढेच त्या बोलल्या. त्या दिवशी खुर्ची आत नेऊन ठेवली गेली.

पुढचे काही महिने फार वाईट गेले. ज्याने त्या बेडकाला तोंड लावले तो मेला. वाटिकेच्या मागे एक जुनी घोरपड राहायची, ती कुंपणाशी मरून पडलेली सापडली. साप दिसेनासे झाले, म्हणून उंदीर वाढले. पाण्याच्या टाकीखाली एकाच आठवड्यात तीन कावळे पडले. प्रत्येक वेळी उचलायला मीच. निवडुंग उचलणाऱ्या माझ्या ओठांत आता गार पडलेली पाखरे येऊ लागली. उरलेले कावळे शहाणे झाले. ते बेडकाकडे बघून मान वळवायचे आणि उपाशी निघून जायचे.

पण त्यांच्यात एक होती, लंगडी. तिचा उजवा पाय लहानपणीच कुठल्यातरी दोऱ्यात अडकून आखडला होता. तिला इतरांसारखे पायाखाली धरून फाडता येत नसे. त्यामुळे काहीही खायचे म्हणजे ती आधी चार बाजूंनी बघायची, मान तिरकी करून विचार करायची. “ही खाते कमी आणि तपासते जास्त,” काकू म्हणायच्या.

एकदा टेम्पोच्या चाकाखाली एक बेडूक सापडला आणि उताणा पडला. लंगडी त्याच्या भोवती कितीतरी वेळ फिरली. पाठीला तिने चोच लावली नाही. पोट पांढरे, मऊ होते, तिथे एकदा टोचले आणि लगेच मागे सरून थांबली. काही झाले नाही. पुन्हा टोचले. शेवटी तिने आतले काळीज तेवढे ओढून काढले, खाल्ले आणि चोच दगडावर दोन्ही बाजूंनी पुसली. मी माझ्या खिळ्यावर श्वास रोखून होतो. चिमट्याला श्वास नसतो, पण रोखता येतो असे त्या दिवशी वाटले. दुसऱ्या दिवशी लंगडी जिवंत होती.

त्यानंतर ती जिवंत बेडकांच्या मागे लागली. मागचा पाय चोचीत धरायचा, फरफटत नळाजवळच्या चपट्या दगडापर्यंत आणायचे, एका झटक्यात उताणे करायचे, पोट उघडायचे, काळीज घ्यायचे आणि बाकी सगळे विषासकट तिथेच सोडून द्यायचे. पहिले काही दिवस दहातले आठ बेडूक निसटायचे. गाठीला चोच लागली तर ती लगेच चराकडे पळून चोच धुवायची. कुणी शिकवले नव्हते तिला. मरणाच्या दारात उभी राहून ती एकटीच शिकत होती. आणि भिंतीवर ओळीने बसून बाकीचे कावळे बघत होते. महिनाभराने त्यांच्यातला एक खाली उतरला. मग दुसरा. हंगाम संपेपर्यंत चपट्या दगडाभोवती शाळाच भरू लागली.

काकूंना तर आभाळ ठेंगणे झाले. येईल त्या गिऱ्हाइकाला आधी दगडाकडे न्यायच्या, मग गुलाबाकडे. “माझ्या साहेबाचा सूड घेते हो ही,” असे सांगायच्या. चर हळूहळू मोकळा होऊ लागला. कितीतरी दिवसांनी काकूंना मी गुणगुणताना ऐकले.

आता मी जे सांगणार आहे ते रागाने कुणी केले नाही. ते मायेने केले, म्हणूनच मला जास्त लागते.

पुढच्या हंगामात लंगडीने मागच्या मोठ्या झाडावर घरटे केले. चार पिल्ले झाली. चार चोची दिवसभर उघड्याच. लंगडीचा कावळा आणि ती मिळून सकाळपासून बेडूक उलटत, पण तिचा पाय त्या वर्षी फारच दुखत असावा. बेडूक ओढताना ती मध्येच थांबायची, आखडलेला पाय पोटाशी घ्यायची आणि पुन्हा ओढायची. काकू हातातले काम सोडून बघत राहायच्या.

“भाऊजी, बघवत नाही हो. बाळंतीण आहे ती. तिला आयतं ताट वाढायला नको?”

“वाढा की. बेडकांना काय तोटा आहे? धरा आणि उताणे करून ठेवा.”

“पण मारायचे कसे? काठीने ठेचायचं मला होत नाही. बादलीत कोंडले तर सकाळी जिवंतचे जिवंतच.”

भाऊजींनी डोके खाजवले. कोपऱ्यात किड्यांवर फवारायचा पंप होता, त्याच्याकडे त्यांनी बोट दाखवले. “त्यात औषध आहे ना? बादलीत दोन फवारे मारा आणि झाकण ठेवा. सकाळपर्यंत खलास.”

काकू घुटमळल्या. “आणि ते औषध लंगडीच्या पोटात गेलं तर?”

“वहिनी, औषध पडणार कुठं? कातडीवर. आणि तुमची लंगडी कातडी खाते का? ती तर कातडी सोडून आतलं काळीज तेवढं घेते. तुम्हीच तर सगळ्या गावाला सांगता.”

काकूंना ते पटले. खरे सांगू? मलाही पटले. बोलण्यात कुठे खोटच दिसत नव्हती.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर काकूंनी मला घेतले. आम्ही सात बेडूक गोळा केले आणि पत्र्याच्या बादलीत टाकले. भाऊजींनी फवारा मारला. दोन म्हणता म्हणता पाच-सहा मारले. बादलीच्या तळाशी दुधट पाणी साचले. झाकण ठेवण्याआधी मी आत पाहिले. ते सातही बेडूक त्या पाण्यात पोट टेकवून, पसरून बसले होते. अगदी तसेच, पहिला बेडूक नळाखाली बसला होता तसेच. मित्रांनो, मी ते पाहिले. आधी शंभर वेळा पाहिले होते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. आणि पडला असता तरी मी काय करणार होतो? मला फक्त धरता येते आणि सोडता येते.

सकाळी काकूंनी ते सातही बेडूक माझ्याकडून चपट्या दगडावर मांडून घेतले. ओळीने, उताणे, पोटे वर. त्यांनी दगड आधी धुऊनसुद्धा घेतला होता. लंगडी भिंतीवरून बघत होती. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. पण तिने कितीतरी उताणे बेडूक खाल्ले होते, आणि काकूंचा हात तिला ओळखीचा होता. ती खाली आली. काळीज काढले आणि भरल्या चोचीने घरट्याकडे गेली. पुन्हा आली. तिचा कावळाही आला. काकू तोंडाला पदर लावून कौतुकाने हसत होत्या.

“बघितलंत? सात फेऱ्यांत पोरांची जेवणं उरकली. बाईला जरा टेकायला तरी मिळेल.”

दुसऱ्या दिवशीही ताट वाढले. तिसऱ्या दिवशी ताट तसेच राहिले.

लंगडीचा कावळा टाकीखाली सापडला. पंख पसरून, पालथा. काकू म्हणाल्या, “याने गाठीला चोच लावली असणार मेल्याने, घाई नडली.” मी त्याला उचलले तेव्हा त्याच्या चोचीतून एक वास आला. तो बेडकाचा वास नव्हता, बादलीचा होता. मला त्या क्षणी सगळे कळले. मी ओरडावे म्हणून तोंड उघडले, आणि कावळा माझ्या ओठांतून निसटून जमिनीवर पडला. काकूंना वाटले, पकड सुटली.

दुपारी गुलाबाच्या वाफ्यात एक पिल्लू पडलेले मिळाले. संध्याकाळी दुसरे. सकाळी तिसरे.

लंगडी घरट्याच्या काठावर बसून होती. तिने स्वतः फार खाल्ले नसावे. आई आधी कुणाला भरवते हे मी तुम्हाला सांगायला नको. काकू मला हातात घेऊन झाडाखाली आल्या, तिसरे पिल्लू उचलायला. लंगडीने मला पाहिले आणि अशी किंचाळली, की भिंतीवरचे, तारेवरचे, टाकीवरचे सगळे कावळे एका क्षणात झाडावर जमले. ते खाली झेपावू लागले. काकूंच्या केसांना पंख लागत होते.

“अगं, मी आहे! मी!” काकू हात वर करून सांगत होत्या. “लंगडे, मी काय केलंय तुझं?”

डॉक्टरबाईंना बोलावणे गेले. त्यांनी कुंड्या भरायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले आणि पिल्लाचे पोट उघडून वाकून बघितले. मग हुंगले. मग कोपऱ्यातल्या बादलीकडे बघितले.

“काकू, या बादलीत काय करता?”

काकूंनी सगळे सांगितले. भाऊजी दारात टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी मध्येच सांगितले, “औषध फक्त कातडीवर पडतं हो डॉक्टर. आतलं काळीज तर स्वच्छ असतं.”

डॉक्टरबाई खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसल्या. “बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, काकू. तो कातडीने पितो. पोट ओल्यावर टेकवतो आणि पाणी आत ओढून घेतो. जे अंगावर ओताल ते सगळं आत जातं, आणि तिथे साठतं.” त्यांनी स्वतःच्या बरगडीखाली हात ठेवला. “काळजात. लंगडी जेवढं खाते, नेमकं तेवढ्यातच.” मग त्या हळूच म्हणाल्या, “तुम्ही कधी पाहिलं नाहीत का, कसे बसतात ते?”

काकूंनी नळाखालच्या चराकडे पाहिले.

“पाहिलंय,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी पाहिलंय. मीच म्हटलं, थंडावलाय.”

मित्रांनो, मी भट्टीत तापलो आहे, घणाखाली सपाट झालो आहे. पण त्या एका वाक्याएवढा घाव मला कधी बसला नाही. बेडकाच्या विषावर लंगडीने उपाय शोधला होता. त्यासाठी तिला अख्खा हंगाम लागला, तिच्या भाऊबंदांचे जीव गेले. आणि आम्ही ते विष तिच्यासाठी नेमके तिथे नेऊन ठेवले, जिथे नसते असे तिने पारखून घेतले होते. हात काकूंचा होता. ताट वाढणारे तोंड माझे होते.

भाऊजींनी त्याच दिवशी बादली नेऊन ठोकून चपटी केली. पंपही नेला. जाताना म्हणाले, “वहिनी, यापुढे मी सल्ला द्यायला लागलो तर मला थांबवा.” काकू म्हणाल्या, “सल्ला तुमचा होता भाऊजी, पण डोळे माझे होते.” दोघेही एकमेकांकडे न बघता बोलत होते.

कावळ्यांनी वाटिकेत येणे सोडले. दगडाभोवतीची शाळा बंद पडली. चरात पुन्हा अंड्यांच्या काळ्या माळा दिसू लागल्या, पुन्हा प्रत्येक कुंडीखाली एकेक बसू लागला. काकू रोज सकाळी भिंतीकडे बघायच्या. ती रिकामी असायची. डॉक्टरबाई एकदा खते घ्यायला आल्या तेव्हा काकूंनी विचारले, “ती विसरली असेल का हो सगळं? पोरंच नाहीत तर शिकवणार कुणाला?”

पण पिल्ले चार होती, आणि खाली पडली होती तीनच.

चौथे सगळ्यात शेवटी जन्मलेले, काटकुळे. भावंडांच्या चोचींच्या गर्दीत त्याला कधी काही मिळायचेच नाही. आमचे ताटही त्याच्यापर्यंत पोहोचले नव्हते. उपाशी राहिले म्हणून वाचले. ऊन उतरू लागलेल्या एका दुपारी लंगडी भिंतीवर आली, तेव्हा ते तिच्या शेजारी होते. लांब मान, विरळ पिसे आणि सगळ्याकडे तोंड उघडून बघायची सवय.

काकू हातातली झारी खाली ठेवायलाही विसरल्या. पाणी पायांवर सांडत राहिले.

त्या दिवशी सकाळीच टेम्पोखाली एक बेडूक सापडला होता. त्याला औषधाचा थेंब लागलेला नव्हता, तो अगदी स्वच्छ होता. काकूंनी मला घेतले. कितीतरी दिवसांनी त्यांचा तळवा माझ्या दांडीला लागला, तो घामाने ओला होता. आम्ही तो बेडूक दगडावर उताणा ठेवला आणि पार शेडपर्यंत मागे आलो. “खा गं,” त्या पुटपुटल्या. “यात काही नाही. शपथेवर सांगते, यात काही नाही.”

पिल्लू लगेच खाली उतरले. तुरुतुरु दगडाकडे धावले, मान लांब केली, चोच उघडली.

लंगडी दगडासारखी त्याच्यावर येऊन पडली. तिने त्याला चोचीने मारले, ढकलले, दगडावरून खाली पाडले. ते केकाटले, पण तिने सोडले नाही. त्याच्या आणि बेडकाच्या मध्ये एका पायावर उभी राहून ती आधी दगडाकडे, मग काकूंकडे, मग माझ्याकडे बघत ओरडत राहिली. पिल्लू दोनदा दगडाकडे वळले, दोनदा तिने त्याला हाणले. तिसऱ्यांदा ते वळले नाही.

मग ती चराकडे गेली. एका कुंडीखालून तिने जिवंत बेडूक काढला. मागचा पाय चोचीत धरला आणि ओढू लागली. मध्येच थांबली, आखडलेला पाय पोटाशी घेतला आणि पुन्हा ओढू लागली. आमच्या दगडावर नेला नाही. चराच्या पलीकडे एक फुटकी फरशी होती, तिथवर नेला. पहिल्यांदा बेडूक निसटला. दुसऱ्यांदाही. काकूंचा पाय नकळत पुढे पडला आणि त्यांनीच तो मागे घेतला. तिसऱ्यांदा बेडूक उताणा झाला. पिल्लू शेजारी उभे राहून मान तिरकी करून बघत होते, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या.

काकू पालथ्या कुंडीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्यांनी पुसल्या नाहीत.

“बरोबर आहे तुझं, बाई,” त्या म्हणाल्या. “त्याला शिकव. माझ्या हातचं खायचं नाही म्हणून शिकव.”

मग त्यांनी मला या खिळ्याला अडकवले. त्यानंतर मला कुणी काढलेले नाही. काकू आता नळाखालचा चर कोरडा ठेवतात, बेडकांची अंडी जाळीने गाळून उन्हात टाकतात आणि कावळे आले की हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात. फरशीभोवती सध्या पाच-सहा कावळे असतात. ते काटकुळे पिल्लू आता चांगले दांडगे झाले आहे आणि एका झटक्यात बेडूक उलटते. शेडच्या बाजूला मात्र ते फिरकत नाही. वाऱ्याने मी खिळ्यावर जरासा हललो आणि खांबावर आपटलो, की पहिले तेच उडते.

मित्रांनो, बेडकापासून कसे जगायचे हे इथले कावळे शिकले आहेत. आमच्यापासून कसे जगायचे हेही शिकले आहेत. म्हणून मी तुमच्याकडे एवढेच मागतो. तुमच्या अंगणात एखादा जीव स्वतःच्या पायावर, लंगडत का होईना, काही शिकत असेल, तर त्याला आयते वाढायला धावू नका. आधी बसा आणि बघा. तो काय खातो ते बघा, काय टाकतो ते बघा, आणि पाणी कसे पितो तेही बघा. आम्ही ते पहिल्याच दिवशी पाहिले होते.

आणि कधी या शेडमध्ये आलात, तर मला हात लावू नका. मी गंजलो तरी चालेल. त्या पोराला मी हललेला आवडत नाही.